वापरलेलं सामान

मोपाच्या विमानतळावर शेवटी दोन वाटा फुटतात.
हिरवी, ज्यांच्याजवळ सांगण्यासारखं काही नाही त्यांची.
लाल, ज्यांच्याजवळ आहे.
मस्कतमध्ये अडीच वर्षं
दुसऱ्यांच्या आयांना न्हाऊ घालून मी परतले होते.
हिरवीत शिरले.

नियम आम्हाला पाठ असतात,
रेशनच्या तारखांसारखे.
दारू दोन लिटर. सिगारेटी शंभर,
नाहीतर तंबाखू सव्वाशे ग्रॅम.
वर्षाच्या वर राहिलेल्या पुरुषाला दागिना वीस ग्रॅम,
बाईला चाळीस.
फोनवर हे ऐकून आई म्हणाली होती,
‘बाईला दुप्पट? कुठल्या गावचा गं ह्यो कायदा?
निपाणीत अजून आल्याला दिसत न्हाई.’
आणि सव्वाशे ग्रॅमला हसली होती, खोकला येईस्तोवर :
‘तेवढी तर माझ्या सुपातनं सांडती.’

माझ्या चाळिसातले जेमतेम अकरा भरले होते.
तरी यंत्र थांबलं.
नागवेकर नावाचा साहेब म्हणाला, ‘बॅग उघडा.’
खजूर, हलव्याचा डबा, लोबान,
गुडघ्याच्या मलमाच्या पाच बाटल्या,
आणि तळाशी, जुन्या परकराच्या चिंधीत,
चार बोटं लांब, दोन बोटं रुंद
एक पत्रा.
‘हे काय?’
‘फर्मा.’
‘कसला?’
‘विडीचं पान कापायचा.’
त्यानं तो दिव्याखाली धरला.
कडा झिजून पात्यासारख्या झालेल्या,
एका कोपऱ्यात अंगठ्याची खळगी.
‘सामान तुमचंच ना? दुसऱ्या कुणाचं नाही?’
‘माझंच.’
‘किंमत?’

भंगारात दोन रुपये.
नाहीतर दिवसाला हजार विड्या, एकतीस वर्षं,
त्यातून रोजची छाट वजा :
कारखान्यातला तपासनीस जुडी सोडून बोटानं दाबायचा,
शंभर-शंभर बाजूला टाकायचा,
त्यांचे पैसे नाहीत, आणि त्या विड्या परतही नाहीत.
ह्या खिडकीसमोर उभं राहायचं कसं
ते मी तिच्या पदराला धरून शिकले होते.
मी म्हटलं, ‘माहीत नाही.’

नागवेकरनं वही पाहिली,
माझ्याकडे पाहिलं,
चिंधी माझ्याहून नीट गुंडाळली.
‘वैयक्तिक, वापरलेलं. शुल्क नाही. जावा.’

बाहेर अण्णाप्पा गाडी घेऊन उभा.
आंबोलीच्या नाक्यावर पोलिसानं डिकी उघडायला लावली,
बाटली शोधली, खजुराला हात लावला, सोडलं.
‘परदेशातनं दोन लिटर चालतात,’ अण्णाप्पा म्हणाला,
‘पण गोव्यातनं आजऱ्याला एक नेऊन दाखवा बघू.’
गडहिंग्लज मागं पडलं.
हिटणीनंतर पाट्यांची लिपी बदलली
आणि अण्णाप्पानं भाषा बदलून चहावाल्याला हाक मारली,
गिअर बदलावा तसं.
तिथं मात्र कुणी काही विचारलं नाही.

आई उंबऱ्यात बसली होती, मांडीवर सूप.
बांगड्या तिनं हातात तोलल्या,
‘बऱ्या हाईत,’ म्हणाली, बाजूला ठेवल्या.
मग चिंधी उघडली.
बराच वेळ काही बोलली नाही.
अंगठा आपोआप खळगीत जाऊन बसला.

‘म्हंजे तू नेलावतीस.’
‘आठवण म्हणून.’
‘आणि मी शेवंताचं नाव घेतलो.
अख्ख्या गल्लीत. मारुतीच्या देवळापुढं.
अडीच वर्षं तिच्यासंगं बोललो न्हाई मी,
तिच्या नातवाच्या बारशाला गेलो न्हाई.’

कस्टमला मी सगळं दाखवलं होतं.
जिचं होतं तिलाच तेवढं
सांगायचं राहून गेलं होतं.

सुपातला भुगा झटकून ती उठली.
हलव्याचा डबा माझ्या हातात दिला.
‘जा, शेवंताच्या दारात ठेव.
तुझ्या तोंडानं सांग.’
मी झाकण उघडून वाटी शोधू लागले,
थोडा घरात ठेवावा म्हणून.

‘अख्खा,’ आई म्हणाली.